गिटारला पेडल जोडण्याआधी

कळव्याला राहणाऱ्या एका गिटारवादकाने विचारलेला प्रश्न असा आहे: दहा वर्षे इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आहे, पेडल स्टीलचा आवाज मनात घर करून बसला आहे आणि या दोन्हींचे मिळून एकच वाद्य करायचे आहे. डाव्या हाताची बोटे फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या पडद्यांवर, चालावीत, वाटले तर पोलादी बारही सरकवता यावा आणि पायाने तारा चढवता-उतरवता याव्यात. वागळे इस्टेटमध्ये मामांकडे लेथ आहे. सुरुवात कुठून करावी?

मी ठाण्यातच गेली बरीच वर्षे तंतुवाद्यांची बांधणी आणि दुरुस्ती करतो. गिटारला पेडल जोडण्याचा प्रयोग मी स्वतः दोनदा केला असून पहिल्या खेपेला तो फसला होता, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला सविस्तर द्यावेसे वाटते. मामांचा लेथ ही फार मोठी सोय आहे. मात्र धातूला हात लावण्याआधी एक निर्णय कागदावर घ्यावा लागतो आणि तो चुकला तर पुढचे सगळे काम सुबक होऊनही वाद्य वाजत नाही. पेडल स्टीलमधले नेमके काय तुम्हाला हवे आहे, हा तो निर्णय.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पेडल स्टील चार पायांवर आडवे उभे असते. त्याला बहुधा दहा तारा असतात आणि पडद्यांच्या जागी केवळ आखलेल्या रेषा असतात. वादक खुर्चीवर बसून डाव्या हाताने सुमारे २०० ग्रॅम वजनाचा भरीव पोलादी बार तारांवर ठेवतो आणि उजव्या हातात अंगठ्याची व बोटांची नखी घालून तारा छेडतो. डावा पाय पेडलांवर असतो, गुडघे चार-पाच लिव्हरांच्या मध्ये असतात आणि उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलवर असतो. म्हणजे सरकता बार, तारा ओढणारी पेडले आणि आवाजाचे पेडल अशा तीन वेगवेगळ्या गोष्टी त्यात एकत्र आल्या आहेत आणि ऐकणाऱ्याला त्या तिन्हींचा मिळून एकच आवाज वाटतो.

यांतला बार आपल्या कानांना नवा नाही. तारेवर पोलाद सरकवण्याच्या पद्धतीचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळातील हवाईच्या जोसेफ केकुकू यांना दिले जाते. पुढे हवाईचेच टाऊ मो हे आपल्या कुटुंबासह १९४० च्या दशकात कोलकात्यात राहिले आणि हवाईयन गिटार आपल्याकडे रुजण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. हिंदी चित्रपटगीतांत हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी तो आवाज घरोघरी पोहोचवला, ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारला रागदारीत आणले आणि विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी मिळाले. विचित्रवीणा आणि दक्षिणेतले गोट्टुवाद्यम ही आपली सरकत्या गोट्याची वाद्ये तर आहेतच. तेव्हा तुम्हाला केवळ सरकता स्वर हवा असेल तर पेडलांच्या खटाटोपात पडण्याची गरज नाही. गिटारची घोडी आणि नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) उंच करून ती मांडीवर आडवी घ्यावी, काम होईल.

पेडलने दिले ते वेगळे आहे. पेडले असलेली स्टील गिटार १९५० च्या आधीही होती, पण तिची पेडले मुख्यतः एका जुळणीतून (तारा ज्या स्वरांना लावतात त्या मांडणीतून) दुसऱ्या जुळणीत जाण्यासाठी, म्हणजे दोन सुरावटींच्या मधल्या अवकाशात वापरली जात. १९५४ साली गाजलेल्या वेब पिअर्स यांच्या एका गाण्यात बड आयझॅक्स यांनी तारा वाजत असतानाच पेडल दाबले. झंकारत असलेल्या स्वरमेळातला एक स्वर स्थिर राहिला आणि दुसरे त्याच्याजवळून सरकत वर गेले. लोकांना वेड लागले ते या हालचालीचे आणि त्यानंतर स्टील वाजवणाऱ्यांनी आपापल्या वाद्यांना पेडले बसवून घेतली.

ही हालचाल सरगमच्या भाषेत अगदी सोपी आहे. सा, ग आणि प या तीन तारा एकत्र वाजत आहेत असे समजा. पाय दाबला की ग चढून म होतो, प चढून ध होतो आणि सा जागचा हलत नाही. षड्जाचा स्वरमेळ मध्यमाच्या स्वरमेळात वितळतो, आणि वितळतो हाच शब्द इथे योग्य आहे, कारण मधे कुठेही नवा आघात नसतो. बार तिन्ही तारांना एकाच वेळी, एकाच प्रमाणात सरकवतो, त्यामुळे ही गोष्ट नुसत्या बारने सहजी होत नाही. सतारीच्या मिंडीत तार पडद्यावर आडवी खेचून पाच स्वरांपर्यंत नेता येते, पण तिथेही हलणारा आवाज एकटा असतो आणि चिकारी किंवा तानपुरा त्याला बाहेरून आधार देतो. स्थिर राहणारा आणि हलणारे असे स्वर एकाच हाताच्या एकाच आघातातून निघणे, हे पेडल स्टीलचे मर्म आहे असे मी मानतो आणि तुमच्या वाद्यात आणायचे असेल तर हेच आणावे असा माझा आग्रह आहे.

म्हणून पहिला सल्ला असा की बार सोडून द्यावा. गिटारच्या तारा बाराव्या फ्रेटपाशी दीड ते दोन मिलिमीटर उंच असतात, तर बारसाठी त्या आठ-दहा मिलिमीटर उंच असाव्या लागतात, नाहीतर बार फ्रेटवर आपटतो. गिटारच्या मानेची पट्टी कमानदार असते आणि बारला सपाट पृष्ठ लागते. गिटार गळ्यात तिरकी असते आणि बार त्याच्या वजनानेच तारांवर बसतो, त्यामुळे त्याला वाद्य आडवे हवे असते. या तिन्ही बाबतींत मधला मार्ग काढला तर फ्रेटवर बोटे दुखतात आणि बार खडखडतो. अमेरिकेतील ज्युनिअर ब्राऊन यांनी १९८५ मध्ये मायकेल स्टीव्हन्स या कारागिराकडून ‘गिट-स्टील’ करून घेतले, तेव्हा त्यांनी गिटार आणि स्टील यांच्या दोन स्वतंत्र माना एकाच अंगावर ठेवल्या. अनुभवी माणसाने तडजोड टाळून दोन माना पत्करल्या, यातच बरेच काही आले. दुसऱ्या बाजूला जीन पार्सन्स आणि क्लॅरेन्स व्हाइट यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात साध्या गिटारच्या पोटात एक यंत्रणा बसवली, जिच्यामुळे गिटार खाली दाबली की गळ्यातला पट्टा एक लिव्हर ओढतो आणि बी ही तार एक पूर्ण स्वर चढते. त्यांनी बार घेतला नाही, पेडलही घेतले नाही, फक्त ती हालचाल घेतली. तुमचे वाद्य या दुसऱ्या घराण्यातले असावे. फरक एवढाच की खांद्याऐवजी पाय ओढेल आणि एकाऐवजी दोन तारा हलतील.

आता जुळणी. पेडल स्टीलची प्रसिद्ध ‘ई नाइन’ जुळणी जशीच्या तशी गिटारवर आणण्याचा मोह होईल, तो आवरावा. त्या जुळणीत तिसरी तार जी शार्पची असते आणि पेडलने ती ए पर्यंत चढते. पेडल स्टीलची तार साधारण २४.२५ इंच, म्हणजे ६१६ मिलिमीटर लांब असते आणि तरीही तिथे हीच तार सर्वांत जास्त वेळा तुटते. तुमच्या २५.५ इंची, म्हणजे ६४८ मिलिमीटरच्या गिटारवर त्याच स्वरासाठी ताण सुमारे ११ टक्के अधिक लागतो आणि तार तिच्या सहनशक्तीच्या अगदी कडेला जाऊन पोहोचते. इथे अनेकजण बारीक तार लावून पाहतात. त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण साध्या पोलादी तारेत विशिष्ट लांबीवर विशिष्ट स्वर मिळवण्यासाठी दर चौरस मिलिमीटरवर येणारा ताण तारेच्या जाडीवर अवलंबून नसतो. बारीक तारेला कमी ओढावे लागते, पण ती तितकीच कमी सोसते.

त्याऐवजी गिटार ‘ओपन जी’ मध्ये लावावी: जाड तारेपासून डी, जी, डी, जी, बी, डी. तिसरी तार सा, दुसरी ग, पहिली प. आता दुसरी तार बी वरून सी वर आणि पहिली डी वरून ई वर नेणारी दोन पेडले हवीत, की वर सांगितलेली हालचाल तयार झाली. पहिली तार चढून जिथे पोहोचते तो ई म्हणजे नेहमीच्या जुळणीत त्या तारेचा मूळचा स्वर आहे, त्यामुळे तुटण्याची भीती उरत नाही. जी मेजरमधून सी मेजरमध्ये जाणारी ही जोडी पेडल स्टीलच्या पहिल्या दोन पेडलांचेच काम करते.

तार किती ओढावी लागते, हे आकडे पाहिल्याशिवाय कामाची नजाकत कळत नाही. स्वर पूर्ण एका स्वराने चढवायचा तर ताण २६ टक्क्यांनी वाढवावा लागतो आणि अर्ध्या स्वरासाठी सुमारे १२ टक्क्यांनी. पोलादाचा ताठपणा लक्षात घेऊन, खुंटीपासून घोडीपर्यंत तारेची एकूण लांबी ७५० मिलिमीटर धरली, तर पहिल्या तारेला डी वरून ई वर नेण्यासाठी जेमतेम १.१ मिलिमीटर ओढ लागते आणि दुसरीला बी वरून सी वर नेण्यासाठी ०.४ मिलिमीटरपेक्षाही थोडी कमी. पूर्ण स्वरात २०० सेंट असतात. पहिल्या तारेवर पाच सेंटची चूक, जी चांगल्या कानाला खटकते, ती फक्त ०.०३ मिलिमीटरने होते. डोक्याचा केस याच्या दुप्पट जाड असतो. मामांना हे आधीच सांगावे, कारण ‘तार ओढायचा जुगाड’ म्हणून जे भाग केले जातात त्यांच्या पिनेत आणि भोकात एवढी ढिलाई सहज राहते. दर वेळी पाय उचलल्यावर तार वेगळ्याच जागी परतते आणि वादक खुंट्या पिळत बसतो.

ओढण्याची यंत्रणा घोडीच्या जागी बसते आणि तिला सर्वत्र चेंजर म्हणतात. प्रत्येक हलत्या तारेसाठी एक काटकोनी लिव्हर हवी. तिचे डोके गोल असावे, ज्यावरून तार वळून मागे अडकते. डोक्याची त्रिज्या ८ मिलिमीटर आणि खालचा दांडा ४० मिलिमीटर धरला तर पाचास एक असे प्रमाण मिळते, म्हणजे तार १.१ मिलिमीटर सरकण्यासाठी दांड्याचे टोक साडेपाच मिलिमीटर हलते. पेडलमध्ये पुन्हा चारास एक असे प्रमाण ठेवले तर पायाचा प्रवास २२ मिलिमीटरच्या आसपास येतो, जो पायाला नैसर्गिक वाटतो. लिव्हर पितळेची किंवा स्टेनलेसची करावी. मी पहिल्यांदा ॲल्युमिनियमची केली होती आणि तारेने तिच्या डोक्यावर काही महिन्यांतच खोबण पाडली. आस पॉलिश केलेल्या स्टीलचा, ५ मिलिमीटर जाडीचा असावा आणि भोक रीमरने (भोक अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने) काढावे, नुसत्या ड्रिलने नाही. तारेचा स्वतःचा ताण लिव्हरला मागे खेचून एका टेकूवर बसवतो, त्यामुळे चढवण्याच्या हालचालीसाठी चेंजरमध्ये परतीची स्प्रिंग लागत नाही. पेडलला मात्र स्वतंत्र स्प्रिंग हवी, कारण इतक्या लाभाच्या लिव्हरवर पायाचे नुसते वजन पडले तरी ते दबते.

माझा पहिला प्रयोग कशाने फसला ते आता सांगतो. गिटार गळ्यात आणि पेडल जमिनीवर, तेव्हा मधे लवचिक केबल लागणार हे उघड होते. मी स्टेशनजवळच्या सायकलच्या दुकानातून ब्रेकची केबल आणली आणि पेडल जिथे थांबते तिथे, म्हणजे खाली पेडलच्याच चौकटीत, थांबण्याचा स्क्रू बसवला. कार्यशाळेत बसून वाजवले तेव्हा सूर चोख लागले. चार दिवसांनी नौपाड्यातल्या एका मित्राच्या घरी तालमीला बसलो, तर पहिल्याच अंतऱ्यात चढलेला ई कधी वर, कधी खाली. मी खुंटी पिळली, स्क्रू फिरवला, पुन्हा तेच. अर्ध्या तासाने लक्षात आले की मी स्टुलावर थोडा वळलो की केबलचा बाक बदलतो आणि बाक बदलला की स्वर बदलतो. ब्रेकच्या केबलचे बाहेरचे आवरण हे पट्टीच्या तारेचे गुंडाळलेले वेटोळे असते. ओढ पडली की ते किंचित दबते आणि वाकवल्यावर त्याची लांबी बदलते. सायकलचा ब्रेक लागायला त्याने काही बिघडत नाही, पण इथे हिशेब शतांश मिलिमीटरचा होता.

त्यावर दोन उपाय केले आणि दोन्ही आवश्यक आहेत. पहिला म्हणजे गिअरच्या सायकलची केबल. तिच्या आवरणात पोलादी तारा लांबीच्या दिशेने बसवलेल्या असतात, त्यामुळे ते दबत नाही. विकत घेताना कापलेल्या टोकाकडे पाहावे. तारांची टोके सुट्या ठिपक्यांसारखी गोलाकार दिसली तर ती गिअरची, एकच पट्टी वळत गेलेली दिसली तर ब्रेकची. दुसरा उपाय अधिक महत्त्वाचा होता. थांबण्याचा स्क्रू पेडलमधून काढून चेंजरमध्ये, लिव्हरच्या दांड्यासमोर बसवला. आता दांडा स्क्रूला टेकला की तार पुढे जाऊ शकत नाही, मग केबल थोडी ताणली, दबली किंवा वाकली तरी स्वराला काही होत नाही. पेडलचा प्रवास गरजेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवावा आणि केबलच्या टोकाशी एक कडक छोटी स्प्रिंग घालावी, म्हणजे पायाचा जादा जोर ती पोटात घेते. एम-३ स्क्रूचा एक फेरा अर्धा मिलिमीटर असतो. वरच्या प्रमाणात पहिल्या तारेवर तो सुमारे १८ सेंट होतो, म्हणजे पाव फेऱ्यात साडेचार सेंट, आणि इतक्या बारकाईने स्वर लावता येणे पुरेसे आहे. स्क्रूच्या टोकाला नायलॉनची टोपी असावी, नाहीतर पिकअपमधून (तारेचे कंपन टिपणाऱ्या भागातून) ‘टक्’ असा आवाज येतो. रबर लावू नये. ते दबते आणि आपण पुन्हा जिथून निघालो तिथे येतो.

तार ओढली की ती नटच्या खाचेतूनही सरकते आणि सुटल्यावर परत येताना तिथे अडकते. पेडल स्टीलमध्ये यासाठी नटच्या जागी छोटे रोलर असतात. गिटारवर मला लॉकिंग नट अधिक पसंत आहे, कारण त्यात तार नटपाशी आवळलेली असते, खाचेतले घर्षणच संपते आणि ओढायची लांबी कमी झाल्याने पायाचा प्रवासही थोडा घटतो. तरंगत्या ट्रेमोलोची, म्हणजे स्प्रिंगांवर हलणाऱ्या घोडीची, गिटार मात्र या कामासाठी घेऊ नये. एक तार चढली की तरंगती घोडी पुढे झुकते आणि बाकी सगळ्या तारा उतरतात.

घोडी पक्की असली तरी हा दोष पूर्ण जात नाही. दोन्ही पेडले दाबली की ताणात एकूण अडीच किलोच्या आसपास भर पडते, मान केसभर वाकते आणि जो सा जागचा हलता कामा नये तोच काही सेंट उतरतो. पेडल स्टीलचे कारागीरही या दोषाशी झगडत आले आहेत, तिथे सगळी पेटीच वाकते. तीन-पाच सेंटपर्यंत कान सहन करतो, त्यापुढे स्वरमेळ आंबट लागतो. बोल्टने जोडलेल्या बारीक मानेची गिटार या कामाला कमजोर पडते. तीन पट्ट्या चिकटवून केलेली, अंगातून आरपार गेलेली, शक्य असेल तर आत कार्बनच्या दोन सळ्या घातलेली मान हवी. हे तपासायला सोपा मार्ग आहे: फक्त तिसरी तार छेडावी, ट्यूनरकडे पाहत दोन्ही पेडले दाबावीत आणि काटा किती उतरतो ते लिहून ठेवावे.

फ्रेटमुळे येणारी एक अडचण मात्र पेडल स्टीलवाल्यांना कधीच आलेली नाही, त्यामुळे तिच्याविषयी कुठे फारसे वाचायला मिळणार नाही. तत्त्वतः ताणाचे प्रमाण सारखेच वाढत असल्याने पेडलने दुसऱ्या फ्रेटवर जितका स्वर चढतो तितकाच बाराव्या फ्रेटवरही चढायला हवा. प्रत्यक्षात बोटाने तार फ्रेटवर घट्ट दाबली की मागच्या भागातली तार पुढे सरकायला नाखूश असते. मग ओढ फक्त फ्रेट ते घोडी एवढ्याच भागात पडते, तो भाग लहान असल्याने ताण जास्त वाढतो आणि स्वर ठरल्यापेक्षा वर जातो. बाराव्या फ्रेटच्या पुढे हे स्पष्ट ऐकू येते. चकचकीत पॉलिश केलेले स्टेनलेसचे फ्रेट, किंचित उंच, आणि हलका हात हा त्यावरचा उपाय. बोटाचे टोक फ्रेटला लागून ठेवावे आणि स्वर वाजण्यापुरतेच दाबावे. माझ्या मते या वाद्याचा रियाज पायापासून नव्हे, या हलक्या डाव्या हातापासून सुरू होतो आणि दहा वर्षांची सवय मोडायला तुम्हाला यंत्रणा बनवण्यापेक्षा जास्त दिवस लागतील.

सूर कोणत्या हिशेबाने लावायचा, हा प्रश्न मला सर्वांत आवडतो. स्वयंभू गंधार हा गिटारच्या किंवा हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, हे आपल्याकडे गाणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. हार्मोनियमच्या गंधाराबद्दल किती वाद झाले आहेत! पेडल स्टील वाजवणारेही आपल्या गंधाराच्या तारा अशाच उतरवून लावतात आणि त्यांना ते चालते, कारण बारखाली एखादी तार बहुतेक वेळा गंधाराचेच काम करते. गिटारवर बोटांची मांडणी बदलली की तीच तार कधी गंधार, कधी पंचम, कधी षड्ज होते, म्हणून मोकळी दुसरी तार १४ सेंट उतरवली तर पुढच्याच स्वरमेळात ती बेसूर ठरते. मी ती चार-पाच सेंटच उतरवतो. पेडलने मिळणारा ध मात्र वेगळा विचार मागतो. तो जवळजवळ नेहमी मध्यमाच्या स्वरमेळाचा गंधार म्हणूनच येतो, त्याची भूमिका ठरलेली असते, त्यामुळे त्याला स्क्रूने आठ-दहा सेंट खाली लावता येते. पाय दाबल्यावर तो स्वरमेळ ज्या शांतपणे बसतो, तो ऐकला की इतक्या कानशी घासल्याचे चीज होते.

स्वर उतरवणाऱ्या लिव्हरचा मोह सध्या टाळावा. उतरवताना तारेला तिच्या ताणाच्या दिशेने मोकळे सोडावे लागते आणि परत जागेवर आणण्यासाठी तारेच्या ताणापेक्षा जोरकस स्प्रिंग लागते. त्या स्प्रिंगचे आणि चढवणाऱ्या यंत्रणेचे एकमेकांशी जुळवून घेणे हे चेंजरमधले सर्वांत किचकट काम आहे. दोन चढती पेडले सहा महिने निर्वेध चालली तरच त्याकडे वळावे.

रागदारीसाठी हे वाद्य करावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण ठाण्यात कोणी नवीन तंतुवाद्य केले की हा प्रश्न येतोच. मला ते पटत नाही. पेडलच्या मिंडीची दोन्ही टोके, एक खुंटीने आणि एक स्क्रूने, बांधलेली असतात. दरबारीतला आंदोलित गंधार किंवा मारव्यातला रिषभ असा दोन बांधलेल्या टोकांच्या मधे सापडणारा नाही आणि त्यासाठी सतार, सरोद आणि मोहनवीणा समर्थ आहेत. भावगीताच्या अंतऱ्यामागे, संथ चालीच्या चित्रपटगीतात, कीबोर्डचे स्ट्रिंग्ज जिथे पोकळ वाटतात तिथे हा वितळणारा स्वरमेळ शोभतो. पाय किती हळू खाली जातो यावर त्याचा भाव ठरतो, आणि पायाला ताल धरायची सवय असल्याने तो सुरुवातीला हटकून समेवर आपटतो. तो समेच्या आधी निघून समेवर पोहोचला पाहिजे.

पिकअपबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गिटारचा चांगला सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा पिकअप) चालतो, पेडल स्टीलचे पिकअप त्यापेक्षा कितीतरी अधिक वेटोळ्यांचे असतात एवढेच. आवाजाचे पेडल मात्र उजव्या पायाखाली घ्यावेच, कारण तार विरत जाताना आवाज हळूहळू वाढवला नाही तर लांबलेला स्वर मिळत नाही. दोन्ही पाय गुंतल्याने उभ्याने वाजवता येणार नाही. उंच स्टूल आणि पेडलांची जड लोखंडी चौकट, जी पायाने सरकणार नाही, ही व्यवस्था करावी लागेल.

हे सगळे थेट चांगल्या गिटारवर करू नये. मामांकडे एक मीटर लांबीची सागवानी फळी, दोन इंच जाडीची, घ्यावी. तिच्यावर नट, तीन तारा, चेंजर, दोन केबल आणि दोन पेडले बसवावीत. फ्रेट नसले तरी चालेल. प्रत्येक पेडल दोनशे वेळा दाबावे आणि दर वीस वेळांनी मोकळा स्वर व चढलेला स्वर दोन्ही ट्यूनरवर पाहून वहीत टिपावेत. दोन्ही स्वर दोन सेंटच्या आत परतत असतील तरच मान आणि अंग करायला घ्यावे. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये खाडीवरच्या दमट हवेत केबलच्या आत गंज धरतो आणि लाकूड फुगते, म्हणून ही चाचणी एकदा मे महिन्यात व एकदा भर पावसात घ्यावी. दुसऱ्या खेपेला आकडे बिघडले तर आधी केबल बाहेर काढून शिवणयंत्राचे तेल लावून पाहावे. बहुतेक वेळा दोष तिथेच निघतो. सूर लावताना मोकळ्या तारा आधी खुंट्यांनी लावाव्यात, त्यानंतर पेडल दाबून स्क्रूने चढलेले स्वर. चढलेला स्वर बेसूर वाटला म्हणून खुंटीला हात लावायचा नाही.